माझ्या अंगातलं विजूचं रक्त

खांद्यावरचा डाग

कंडक्टरच्या खांद्यावर बॅगेच्या पट्ट्याचा वळ असतोच. मी शहादा डेपोची. इतकी वर्षं तिकिटं देत आले, त्या वळाकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. त्या हिवाळ्यात मात्र वळ निळा पडला आणि निळाच राहिला. मग कोपराजवळ, मांडीवर, कुठे आपटल्याचं आठवत नसताना डाग उमटायला लागले. दात घासले की बेसिन लाल व्हायचं. माझा नवरा संजय साखर कारखान्यात फिटर आहे. यंत्राचा आवाज जरा बदलला तर त्याला लांबून कळतं. बायकोचा रंग उडालेला कळायला त्याला महिना लागला. हे मी त्याला अजून ऐकवते आणि तो अजून खाली मान घालून ऐकतो.

मी तरी कुठे शहाणी होते. दम लागला की गाडी भरलेली होती म्हणायचे, चक्कर आली की उपास होता म्हणायचे. एका सोमवारी प्रकाश्याच्या गाडीत देवाला निघालेल्या बायका खच्चून भरल्या होत्या. मागून पुढे येता येता मी दांडी धरून सारखी थांबत होते. तेव्हा एका म्हातारीने सरकून अर्धी जागा केली आणि म्हणाली, "बठ माय, तुन्हं तोंड पांढरं फक पडेल शे. तिकिटं काय, लेतीन लोक उतरताना." त्या बाईचं नाव मला माहीत नाही. तिच्यामुळे मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले.

शहाद्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि लगेच पुन्हा एकदा घेतलं. दुसऱ्यांदा रक्त घेतात तेव्हाच समजावं. संध्याकाळी त्यांनी संजयला बाहेर बोलावलं. मी आतूनच म्हटलं, "डॉक्टर, आजार माझा आहे, मला सांगा." ते म्हणाले, "ताई, तुमच्या शरीरात रक्त बनायचं जवळजवळ थांबलंय. सुरतेला जा, उद्यावर टाकू नका."

आमची मुलगी तनू तेव्हा दुसरीत होती. तिला आम्ही सांगितलं की आई साड्या घ्यायला सुरतेला चालली आहे. तिने विचारलं, मग पप्पा का रडतोय?

सख्खी भावंडं किती?

सुरतेच्या डॉक्टर मॅडम मूळच्या अमळनेरच्या निघाल्या. परक्या गावात आपली भाषा कळणारं माणूस भेटलं की अर्धं दुखणं कमी होतं, असं मला त्या दिवशी वाटलं. हाडातला मगज तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आधी सांगते, हा कॅन्सर नाही." मी संजयकडे पाहून हसले. मग त्या म्हणाल्या, "पण त्याहून सोपाही नाही." मी त्यांना एकच विचारलं, तनू मोठी होईपर्यंत पुरेन का? त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, "इलाज झाला तर पुराल."

आजाराचं नाव अप्लास्टिक ॲनिमिया. मॅडमनी समजावलं ते मला समजलं तसं सांगते. शरीरातल्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, अर्ध्या आईकडून आलेल्या, अर्ध्या वडिलांकडून. रक्तातल्या राखणदार पेशी त्या खुणा बघून आपलं कोण आणि परकं कोण ते ठरवतात. माझ्या राखणदारांची मती फिरली होती. माझ्याच हाडांत रक्त बनवणाऱ्या पेशींना त्यांनी परकं ठरवून संपवत आणलं होतं. पास दाखवणाऱ्या माणसालाच गाडीतून उतरवून देणारा कंडक्टर असावा, तसा हा प्रकार. आता हे राखणदार औषधाने काढून टाकायचे आणि दुसऱ्या कुणाचा तरी मगज माझ्यात घालायचा. मात्र त्या माणसाच्या खुणा माझ्याशी जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या, तर नवे राखणदार माझ्या अख्ख्या शरीरालाच परकं समजून बसतील.

"जुळण्याची आशा सगळ्यात जास्त सख्ख्या भावंडांत," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सख्खी भावंडं किती?"

माझी माय शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "चार शेतस ना. दिलीप, विजू, हाई मंगल आनि राजू."

मी मान हलवली. दाराशी उभ्या राजूनेही हलवली. आपण काही चुकीचं सांगतोय हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

एका मांडवातलं घर

ते का आलं नाही हे समजायला आमचं घर सांगावं लागेल.

प्रकाश्याच्या अलीकडे तापीकाठी माझं माहेर. माझे वडील आणि थोरले काका या दोघा भावांची लग्नं दोन सख्ख्या बहिणींशी एकाच मांडवात लागली. थोरल्याला थोरली, धाकट्याला धाकटी. आजोबांना दोनदा मांडव घालायचा कंटाळा होता, असं घरात गमतीने सांगत. आम्ही चौघं पोरं एकीला मोठीमाय म्हणायचो आणि दुसरीला नुसती माय. दिलीपदादा आणि विजू मोठीमायच्या पोटचे, मी आणि राजू मायच्या. पण पोटचं म्हणजे काय, हे घरात कुणी बोलतच नव्हतं. विजू माझ्याहून थोडीशी मोठी. तिच्या जन्मानंतर मोठीमायला टायफॉईड झाला आणि तिचं दूध आटलं. तोवर मी जन्मले होते. माय दोन मांड्यांवर दोघींना घेऊन पाजायची. पुढे कितीतरी वर्षं गावातल्या बायका आम्हाला जुळ्या समजायच्या आणि आम्ही त्यांना समजू द्यायचो.

आता आठवायला बसलं की एक आठवण दुसरीला ओढून आणते. वेचणी झाली की मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असायचा. आम्ही धान्याच्या कणगीवर चढून त्यात उड्या मारायचो आणि केसांतून सरकी काढत मोठीमाय आम्हाला बडवायची. उन्हाळ्यात तापी आटायची, मधे वाळूचं रान पडायचं, त्यात टरबुजांचे वेल. विजू आणि मी एक टरबूज वाळूत पुरून ठेवायचो, म्हणजे गार होईल. आता बॅरेजचं पाणी बारा महिने उभं असतं. चांगलंच झालं, केळीला पाणी मिळालं. पण ती वाळू काही परत दिसायची नाही. शाळेला आम्हा दोघींत एकच सायकल होती. जाताना ती चालवायची आणि येताना मी, कारण येताना चढ होता आणि ती माझ्याहून हुशार होती.

वडील, काका आणि मोठीमाय गेल्यावर चुली दोन झाल्या. भांडण असं काही झालं नाही. राजूची नोकरी नंदुरबारला, दादा शेतावर, त्यामुळे ते होणारच होतं. विजू तळोद्याकडे सासरी, मी शहाद्याला. चौघं एकत्र भेटायचो ते लग्नकार्यात, तेही पंगत वाढता वाढता. आजारपणाआधी मी त्या घराची आठवण कधी काढत नव्हते. सुरतेच्या खाटेवर मात्र रोज दुपारी मी त्या कापसात जाऊन पडायचे.

पाच प्रकार

तिघांचं रक्त घेतलं. दिलीपदादाला साप दिसला तर तो हाताने धरील, पण सुई बघून त्याने डोळे मिटले. विजू येताना घरचे डाळीचे वाफवलेले फुनके घेऊन आली होती. मला बाहेरचं खायला बंदी, म्हणून तिने ते वॉर्डभर वाटले आणि मला फक्त वास दिला.

मग वाट पाहणं सुरू झालं. सकाळी वजन, मग रक्त, मग डॉक्टरांचा फेरा, मग कुणाचं तरी रक्त माझ्या शिरेत. नवापूरकडची एक नर्स होती. ती मला कंडक्टरबेन म्हणायची. रक्ताची पिशवी लावून झाली की म्हणायची, "चला कंडक्टरबेन, बेल मारा," आणि मी तोंडाने "डबल" म्हणायचे. एवढंसं हसू आलं तरी दिवस निघून जायचा. शेजारच्या खाटेवरची बाई एका सकाळी नव्हती. तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. त्या दिवशी मी "डबल" म्हटलं नाही.

रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी मला आणि मायला खोलीत घेऊन दार लावलं. बराच वेळ त्या पेन फिरवत बसल्या.

"मावशी," त्या शेवटी मायला म्हणाल्या, "एका आईवडिलांच्या मुलांत या खुणांचे जास्तीत जास्त चार प्रकार निघू शकतात. दोन आईचे, दोन वडिलांचे. तुमच्या मुलांत पाच निघालेत. तुम्हाला काही सांगायचं असेल तर मोकळेपणाने सांगा. इथलं बाहेर जाणार नाही."

मायला आधी काही कळलं नाही. मग कळलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसले. हिरड्यांतून रक्त आलं तरी हसत राहिले. हसता हसताच मी मॅडमना एका मांडवातली दोन लग्नं सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला. मग कागदावर दोन भाऊ, दोन बहिणी आणि त्यांच्याखाली आम्ही चौघं अशी आकृती काढली आणि बघत राहिल्या.

"म्हणजे दिलीप आणि विजया तुमची चुलत भावंडं."

"हो, चुलत," मी म्हटलं.

"राजू तुमच्याशी अर्धा जुळतो. दिलीप अजिबात नाही. आणि विजया पूर्ण जुळते." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी हे आजवर पुस्तकातच वाचलं होतं. तुमच्या वडिलांकडून तुम्हाला जी खूण आली, तीच काकांकडून तिला आली. आयांकडूनही तसंच. आजी-आजोबांकडून आलेलं धन दोन वाटांनी येऊन दोघींत सारखंच पडलं."

बाहेर आल्यावर दादाला सांगितलं, तर तो हिरमुसला. "मन्हं काहीच नही जुळनं?" असं म्हणून तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. माय मात्र वेगळ्याच गोष्टीने दुखावली होती.

"विजूले तू चुलत म्हनं?" तिने मला विचारलं.

"डॉक्टरले समजाडाले म्हनं, माय."

"समजाडाले बी नको म्हनू."

तो शब्द विजूच्या सासरी पोहोचला

राजूला कुठलीही गंमत पोटात ठेवता येत नाही. त्याने पाच प्रकारांची गोष्ट फोनवर विजूच्या नवऱ्याला रंगवून सांगितली. तिथून ती तिच्या सासूबाईंच्या कानावर गेली. नातं त्यांना आधीपासून माहीत होतंच, पण आजवर कुणी ते असं मोजून मांडलं नव्हतं.

सासूबाई बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या गल्लीतल्या एका सुनेला बाळंतपणात पाठीत इंजेक्शन दिलं होतं आणि तिची कंबर तेव्हापासून धरलेली होती. इथे तर हाडातून मगज काढणार. त्यांना वाटलं, मणक्यातूनच काढतात. त्या म्हणाल्या, "तिले सख्खा भाऊ शे ना, त्यानं ल्या. चुलत बहीनसाठे आम्नी सून कसाले?" विजूचा नवरा आईपुढे बोलणारा नव्हता.

मॅडम स्पष्ट म्हणाल्या, राजूच्या अर्ध्या जुळणीवरही करता येतं, पण धोका वाढतो, आणि तुमच्या अंगात धोका पेलायची ताकद कमी आहे. पूर्ण जुळणारी हाताशी असताना मी तिकडे जायचं म्हणणार नाही. पण जास्त थांबूही शकणार नाही.

विजूचा फोन आला. "मी येसू," एवढंच ती म्हणाली आणि मागे कुणाचा तरी आवाज आल्यावर गप्प झाली. मी म्हटलं, तुझ्या घरात वाद नको, नको येऊ. फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून रडले, कारण मी साफ खोटं बोलले होते. मला ती यायला हवी होती. मला जगायचं होतं. तिच्या कमरेचं काहीही होवो, पण मला जगायचं होतं, असंही त्या घटकेला मनात आलं. आजारी माणूस देवासारखा समंजस होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

घरातही ताण होता. संजय विजूच्या सासरच्यांना वाटेल ते बोलला आणि मी त्याच्यावर चिडले. तो म्हणाला, तुला अजून त्यांची बाजू घ्यायची आहे? मग दिवसभर आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही आणि तो तरीही माझे पाय चेपत बसला. तनू संजयच्या आईकडे होती. व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, "साडी मिळाली का?" मला ताप चढायला लागला होता. तो उतरायचा, पुन्हा चढायचा. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू कमी होत गेलं.

मायची खेप

एका सकाळी माय राजूला म्हणाली, "गाडी काढ, विजूना घर जानं शे." काय बोलणार म्हणून राजूने विचारलं, तर म्हणाली, "तठे गयावर दखसूत." पुढचं सगळं मला राजूने सांगितलं, आणि नंतर विजूनेही.

वैशाख होता. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. मोटरसायकलवर मागे बसून, डोक्यावरून पदर ओढून माय दुपारी तिथे पोहोचली. ओसरीवर खाट टाकली. सासूबाईंनी तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

"उन्हमाथून उनात. पानी ल्या विहीनबाई."

मायने तांब्याला हात लावून तो बाजूला सरकवला. मग चहा आला. मायने तोही राजूकडे सरकवला. तिचे ओठ सुकलेले होते, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. तिने माझ्या तब्येतीचं सांगितलं, विजूच्या पोरांची चौकशी केली. विजूने यावं असं ती अजून एकदाही म्हणाली नव्हती.

सासूबाईंना ते लागलं. "रागे व्हयनात का आम्हवर? पानी बी नही ल्यावं इतलं?"

"राग नही वो बाई," माय म्हणाली. "आंडेरना घरनं पानी मी कसं पिऊ?"

आंडेर म्हणजे लेक. आमच्यात मुलगी दिली की आईबाप तिच्या घरचं पाणी घेत नाहीत. आता पुष्कळ लोक पहिलं नातवंड झालं की सोडतात, काही पाळतच नाहीत. पण जुनी माणसं मरेपर्यंत पाळतात. मावशी, काकू, आत्या यांना मात्र हे बंधन नाही. त्या पोटभर जेवतात आणि डबाही बांधून नेतात.

सासूबाई म्हणाल्या, "विजू तं तुम्नी जेठानीनी आंडेर शे. तुम्हले काय आडचन?"

मायने थोडा विचार केला. राजू म्हणतो, ती खरंच विचार करत होती, उत्तर तयार करून आली नव्हती. "मन्ह्या मनमा तसं कधी उनंच नही," ती म्हणाली.

तसं कधी तिच्या मनात आलंच नव्हतं. सासूबाई तांब्याकडे बघत बसल्या. विजूच्या डोहाळजेवणाला, दोन्ही बारशांना, घराच्या वास्तूला माय त्या घरी गेली होती. प्रत्येक वेळी ती पंगतीच्या आधी काहीतरी निमित्त काढून उठायची. आज त्यांना त्या सगळ्या वेळा एकदम आठवल्या असाव्यात. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "इतला वरीस व्हयनात, हाई बाई आपला घरनं पानी नही पेस. आनि तू मले चुलत सांगस."

सांगत तर त्या स्वतःच होत्या.

मग त्या आत गेल्या आणि विजूला म्हणाल्या, "बॅग भर. मी बी येस संगे." विजूने दाखवलं, बॅग सकाळपासून भरलेलीच होती. ती कुणी हो म्हणो न म्हणो, संध्याकाळच्या एसटीने निघणार होती. हे तिने मला फार नंतर सांगितलं.

परत येताना त्या गावची शीव ओलांडल्यावर मायने राजूला गाडी थांबवायला लावली. रसवंतीवर बसून तिने तीन ग्लास उसाचा रस प्यायला. राजू म्हणतो, मायला असं घटाघटा पिताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

काचेच्या आत

त्या काचेच्या खोलीबद्दल थोडंच सांगते, कारण जे त्यातून जाणार आहेत त्यांना घाबरवायचं नाही. औषधांनी माझे जुने राखणदार संपवले. केस गेले, तोंडभर फोड आले, पाणी गिळायलाही धीर गोळा करावा लागे. कुणी आत यायचं नाही. संजय काचेच्या पलीकडे उभा राहून फोनवर बोलायचा. कधी बोलायला काही नसलं तर तो फोन कानाला लावून नुसता उभा राहायचा. तेही पुरायचं.

विजूला भूल देऊन तिच्या कमरेच्या हाडातून मगज काढला. मणक्याला कुणी हात लावला नाही, हे तिच्या सासूबाईंनी नर्सला चारदा विचारून घेतलं. मग ती पिशवी माझ्या खोलीत आली. एवढ्या लढाईनंतर काहीतरी मोठं घडेल असं वाटलं होतं. पण ती रक्ताच्या नेहमीच्या पिशवीसारखीच दिसत होती आणि तशीच शिरेतून उतरली. नर्स म्हणाली, "कंडक्टरबेन?" माझं तोंड सुजलेलं होतं. मी बोटाने हवेत दोनदा दोरी ओढली.

दुसऱ्या दिवशी विजू काचेपाशी आली. सावकाश चालत होती आणि तिच्या सासूबाईंनी तिचा कोपर धरला होता. फोनवर मी विचारलं, दुखतंय का? ती म्हणाली, "येताना चढ व्हता ना, तो मी चालवा." मला आधी कळलं नाही, मग सायकल आठवली. आम्ही दोघी काचेच्या दोन बाजूंना हसत होतो आणि तिच्या सासूबाई आमच्याकडे बघून डोळे पुसत होत्या.

पुढचे दिवस नुसती वाट. रोज सकाळी रक्तपेशींचा आकडा यायचा, रोज तळाशी. मग एका सकाळी मॅडम स्वतः आत आल्या, मास्कवर फक्त डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांवरून मला कळलं की विजूच्या पेशी माझ्या हाडांत रुजल्या.

जे यातून जाणार आहेत त्यांच्यासाठी

आता मी पुन्हा डेपोत आहे. वर्षभर चौकशीच्या खिडकीशी बसवलं होतं, आता गाडीवर असते. माझा रक्तगट बी होता, आता विजूचा ओ आहे. नंदुरबारला गाडी जाते तेव्हा मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्यांवरून वारा येतो, अख्खी गाडी शिंकते आणि मला फार बरं वाटतं.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर डॉक्टरांना नातं नीट सांगा. आमच्यासारखं करू नका, तपासणीचा घोळ होतो. पण घरातली सगळी रक्तं तपासून घ्या, ज्यांची आशा नाही असं सांगतात त्यांचीही. देणाऱ्याच्या घरच्यांच्या भीतीवर रागावू नका. त्यांना दवाखान्यात आणा, दाखवा, विचारू द्या. आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला खुर्ची द्या. संजयचे पाय अजून दुखतात.

मधली एक गोष्ट राहिली, ती सांगते. घरी आल्यावर काही आठवड्यांनी माझ्या तळहातांवर लाल पुरळ उठलं, मग छातीवर. आग व्हायची. मॅडमनी फोटो बघून तातडीने बोलावलं. म्हणाल्या, "विजयाच्या पेशी तुमच्या शरीराला अजून परकं समजताहेत. भांडताहेत. औषधाने बहुतेक शांत होतील, पण लक्ष ठेवायला हवं. हे वाढलं तर अवघड असतं." इतकं सगळं झाल्यावर पुन्हा हेच. मरणाला मी काचेच्या खोलीत भ्याले नव्हते इतकी त्या दिवशी परतीच्या गाडीत भ्याले.

संध्याकाळी विजूचा फोन आला. मी लपवायचं ठरवलं होतं, पण तिच्यापुढे मला कधी लपवता आलेलं नाही. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ती रडेल.

"फोन हातले लाव," ती म्हणाली.

"काय?"

"तयहातले लाव फोन. मले त्यास्नासंगे बोलनं शे."

मी स्पीकर लावला आणि फोन तळहातावर ठेवला. संजय आणि तनू बघत उभे होते. विजूचा आवाज आला, गोठ्यातल्या वासराला दटावते तसा.

"आयका रे. मी विजू बोली ऱ्हायनी. तुम्हले मी तठे धाडेल शे, ते भांडाले नही. गुपचूप ऱ्हावा. ती मन्ही बहीन शे."